एक तोंड कमी

मी एक जुना, दोन कानांचा, दहा लिटरचा कुकर आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूने आपली कहाणी शांतपणे सांगावी अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. माझा राग अजून निवलेला नाही.

कारखान्यात जाड पत्रा दाबून मला घडवलं. बेकरीत भट्टीवर काम करणाऱ्या एका बाबांनी मला घरी आणलं. घरात सहा मुलं. बाबांचा पगार वाढत नव्हता, माझ्यात शिजणाऱ्या डाळीतलं पाणी मात्र वाढत होतं. "केवढा मोठा कुकर!" असं शेजारणी म्हणत आणि मी फुगून जाई. आता त्याची लाज वाटते.

थोरली मुलगी हुशार. मी शेगडीवर असलो की ती ओट्याला टेकून गणितं सोडवी. शाळेचं शेवटचं वर्ष उरलं होतं, तेवढ्यात आत्याने स्थळ आणलं.

"दादा, तेवढंच एक तोंड कमी होईल."

बाबांनी मान डोलावली. आई भांडी विसळत राहिली. थोरली सासरी गेली.

काही वर्षांनी ती परत आली. एक मूल कडेवर, दोन हाताशी. नवरा कामाच्या शोधात परगावी गेला तो गेलाच. ती नोकरी मागायला गेली की पहिला प्रश्न, "शिक्षण किती?" शेवटी ती लोकांची भांडी घासू लागली.

आणि आत्या पुन्हा आली! आता धाकटीसाठी.

"मुलगा चांगला आहे, दादा. घरात इतकी माणसं, एक तोंड कमी..."

आईने माझं झाकण ओट्यावर आपटलं. त्याचा पोचा आजही आहे.

"कुठलं तोंड कमी झालं, वन्सं? एक धाडली, चार होऊन आली! शिकली असती तर चार पैसे कमावले असते. मुलं किती पुरे, हे नवऱ्याला सांगायची हिंमत झाली असती. मला नाही झाली कधी!"

"अगं, हळू बोल," बाबा म्हणाले.

"जन्मभर हळूच बोलले!"

आत्या तणतणत निघून गेली. मला वाटलं, थोरली आता आईच्या गळ्यात पडेल. ती दारातच उभी होती.

"आई, हे माझ्या वेळी का नाही बोललीस?"

आई पुन्हा भांडी विसळू लागली.

धाकटी शिकली. आज ती दवाखान्यात रक्त तपासते. लग्न तिने उशिरा केलं. मुलगी एकच, तीही दोघांनी ठरवून. थोरलीच्या मुलांची फी तीच भरते. थोरली तिच्याशी नीट बोलते, पण तिच्या घरी राहायला कधी जात नाही.

माझी रिंग सैल झाली. आता मी गॅलरीत पडून असतो, माझ्यात कोळसा भरलेला असतो. मित्रांनो, मला घासा-पुसा असं मी म्हणणार नाही. भांडं काय, एक गेलं तर दुसरं येतं. पण तुमच्या ताईला शाळेतून काढायचं घाटतंय असं कानावर आलं, तर गप्प बसू नका. ओरडा. मोठी माणसं रागावली तरी ओरडा. आणि तेव्हाच ओरडा. ती तीन लेकरं घेऊन दारात आल्यावर नको.