कप्तानाच्या आईचा अर्ज

माझा लोरिस गुरांचा डॉक्टर. एप्रिलमध्ये तो सान मारिनोच्या दोन कप्तानांपैकी एक झाला, म्हणजे सहा महिन्यांपुरता आमच्या प्रजासत्ताकाचा प्रमुख. शपथेच्या दिवशी अंगात काळी मखमल, कमरेला तलवार! शेंबूड पुसून ज्याला शाळेत धाडला, त्याला तसा बघून माझा ऊर भरून आला.

त्यानंतरच्या रविवारी कुणीही नव्या कप्तानांच्या हाती अर्ज देऊ शकतो. मीही रांगेत उभी राहिले. आमच्या दारासमोरचा ओक येत्या हिवाळ्यात पाडून तिथे मोटारतळ करायचं ठरलं होतं. शेवटच्या आजारपणात आमचे हे, तेर्त्सो, त्याच्याच सावलीत बसायचे. ते गेल्यापासून मी रोज संध्याकाळी तिथे बसून त्यांच्याशी बोलते. झाड गेलं तर मी बोलायचं कुणाशी?

"आपला अर्ज मिळाला, बाई," लोरिस गंभीरपणे म्हणाला.

"बाई? जेवायला घरी ये, मग दाखवते तुला बाई!"

रांग खो खो हसली. त्याचे मात्र कान लाल झाले.

सप्टेंबरात परिषदेत, म्हणजे आमच्या संसदेत, माझ्या अर्जावर मतदान झालं. मी ऐकायला गेले होते. भिंतीवर आमचं राज्यचिन्ह: तीन मनोरे, वर पिसं, बाजूला ओकची डहाळी. चिन्हातला ओक मिरवायचा आणि खरा पाडायचा, धन्य आहे! मतं समसमान पडली, म्हणजे अर्ज नामंजूर. लोरिस परिषदेचा सभासद, पण कप्तान असेपर्यंत त्याला मत नाही. निकाल वाचला तोही त्यानंच.

बाहेर मी त्याला गाठलंच. "एक मत, लोरिस! तुझ्या बाबाचं झाड ते!"

"आई, त्या खुर्चीत मी तुझ्या एकटीचा नसतो गं. सगळ्यांचा असतो."

"मग जेव सगळ्यांकडेच."

त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. तोंडानं रागावले होते, आतून तुटत होते.

ऑक्टोबरात नवे कप्तान आले. झाड पाडा हवं तर, पण निदान तिथे एक बाक ठेवा, एवढं मागायला मी पुन्हा रांगेत गेले. माझ्या पुढे जुन्या कोटातला लोरिस उभा! हातात अर्ज: मोटारतळ ओढ्यापलीकडे न्यावा.

"आता मला मत आहे, आई," तो हळूच म्हणाला. "तू पुढे हो."

"रांग मोडू नकोस. मी आहे मागे." पिशवीतली चीज घातलेली पोळी, आमची पियादा, मी त्याच्या हातात कोंबली. "सगळ्यांकडे जेवून पार वाळलास. संध्याकाळी ये. झाडाखाली बसू, बाबाला तूच सांग."