आखूड केस

आत्या आली तेव्हा भाची सूक्ष्मदर्शकावर वाकून चित्र काढत होती.

"कुठाय माझा किडा?"

"किडा नाही गं, कोळी. आणि मादी आहे."

"बरं झालं. माझं नाव गड्याला शोभलं नसतं."

आत्याच्या परसातला घेवडा. त्याच्या एका पानाच्या पोटाशी, शिरेच्या आडोशाला ही राहत होती. राईपुढेही कणभर, अंगानं पाणीदार, पायांनी चपळ. पानाचा रस पिणारे लाल कोळी खाऊन जगायची. घेवड्याची राखणदारीण, बिनपगारी. पान आत्यानंच खुडून आणलं होतं. भाचीनं तिला काचेवर बसवलं, जुन्या वर्णनांशी ताडून पाहिलं. पोटातली, नराचं बीज साठवायची पिशवी ओळखीची, पाठीवरचे केस जागच्या जागी. एकच केस आखूड. तेवढ्या केसावर नवी जात उभी होती आणि तिला आत्याचं नाव द्यायचं ठरलं होतं.

ते ऐकून आत्या तेव्हा नुसती हसली होती. मग म्हणाली होती, "सासरी मी वहिनी, काकू, मामी. तुझे आतोबा जन्मभर 'ऐकलंस का' म्हणत गेले. सगळ्यांच्या हाकांना ओ देता देता माझं नाव घरातल्या घरात हरवलं बघ."

आता चित्र तेवढं राहिलं होतं. केसाचं टोक रेखायला भाचीनं भिंगाचा स्क्रू किंचित फिरवला. टोक पुढे सरकलं. आणखी फिरवला, आणखी सरकलं. तिचा हात थांबला. केस आखूड नव्हता. काचेखाली मादी कलती पडली होती आणि केस भिंगाकडे उभा राहिला होता. गच्चीवरून पाहिलं की रस्त्यातला उंच माणूसही बुटकाच दिसतो.

"तोंड का उतरलं?" आत्यानं विचारलं.

भाचीनं सांगितलं. "काच सोडवून तिला सरळ बसवलं, तरच खरं कळेल. पण सोडवताना फाटली तर गेली. बाकी सापडले ते नर नि पिल्लं, आणि वर्णन मादीचंच लागतं. तुझा वेलही वाळला."

"आणि नाही सोडवलीस तर?"

"तर छापून येईल. तुझ्या नावानं. चूक कळायलाही कुणाला वर्षं लागतील."

आत्या स्टुलावर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"इतक्या वर्षांनी नाव हाती आलं, आणि तेही उसनं. त्याला ओ कुठल्या तोंडानं देऊ? सोडव."

काच पाण्यात भिजत पडली. दोघी बघत बसल्या, दूध उतू जाईल म्हणून बघावं तशा. वरची काच आपणहून सैल झाली. भाचीनं श्वास धरून सुईच्या टोकानं मादी उचलली, ताज्या थेंबात पालथी निजवली, पाय नीट केले.

मग पाहिलं. केस पाठीवर आडवा, लांबलचक पसरला होता. जात जुनीच.

"असू दे," आत्या म्हणाली. जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "असू दे गं." दुसऱ्या वेळी आवाज थोडा ओला होता.

भाचीनं काचेच्या कडेला नवी चिठ्ठी चिकटवली. कोळ्याचं जुनं नाव, घेवडा, गाव, तारीख. खाली पान कुणी आणलं, ते लिहायचं असतं.

"माहेरचं आडनाव लावू की सासरचं?"

आत्यानं वाकून चिठ्ठी वाचली.

"दोन्ही नको," ती म्हणाली. "नुसतं माझं लिही."