दुसरा आवाज

घशाच्या कर्करोगात तिचा आवाज गेला, त्याला आठ महिने झाले होते. शस्त्रक्रियेनंतर मानेच्या तळाशी एक भोक उरलं होतं. श्वास तिथूनच. त्यावर ती सुती रुमाल बांधायची. इस्पितळाच्या टेलिफोनवर सतरा वर्षं लोकांना धीर देणारी ही बाई आता त्याच इस्पितळाच्या तळघरात जुन्या फायली लावत बसायची. बोलायचं ते वहीत लिहून.

नवरा बस चालवायचा. "आमच्या घरात मी एकटाच बोलतो आणि तरी भांडणात हरतो," असं सांगून तो शेजाऱ्यांना हसवायचा आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडायचा. तिला ते ऐकू यायचं. कान शाबूत होते.

चर्चची पायरी मात्र ती चढली नव्हती. बावीस वर्षं ती तिथे आल्टो गायली होती, म्हणजे मुख्य चालीखालचा दुसरा आवाज. तो असला तर कुणाच्या लक्षात येत नाही, नसला तर गाणं पोकळ वाटतं. सगळे गाणार आणि आपण ओठ मिटून उभं राहायचं, हे तिला सोसवणार नव्हतं. नणंदेने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा चिडून निघून गेली. त्यातच डॉक्टरांच्या हाताला मानेच्या दुसऱ्या बाजूला गाठ लागली. तपासणी नाताळच्या सुट्ट्या संपल्यावर. त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

नाताळच्या आठवडाभर आधी ऑर्गन वाजवणारे म्हातारे मास्तर दोन जिने चढून धापा टाकत घरी आले. म्हणाले, गावातला कारखाना बंद पडला, माणसं पोटापाण्यासाठी पांगली. गाणारे तिघं उरलेत, त्यातल्या दोघांना सूर लागत नाही. तेव्हा यंदा नाताळच्या आदल्या दुपारी नुसती वाद्यं वाजवायची.

"कुणीच गाणार नाही," ते तिच्याकडे बघत म्हणाले. "म्हणून सांगायला आलो."

तिने वहीत लिहिलं, 'बघते.'

ती गेली, नवऱ्याला सोबत घेऊन. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसली, कारण श्वासाची शिट्टी वाजायची. भिंतींना ओल आली होती, माणसं जेमतेम वीस. ऑर्गन, व्हायोलिन आणि व्हायोलिनचंच जरा जाड आवाजाचं भावंड, व्हियोला. तो वाजवत होती एक निवृत्त नर्स. पहिल्या दोन रचना रडतखडत झाल्या. नवरा चुळबुळ करू लागला.

तिसरी नाताळची जुनी चाल होती. व्हायोलिनने ती उचलली आणि खालून व्हियोला सुरू झाला. ती ताठ बसली. आल्टोच होता तो. कुठे थांबायचं, कुठे वळायचं, सगळं तिच्या अंगात होतं. तिने नवऱ्याचा हात ओढून घेतला आणि त्याच्या तळव्यावर बोटाने एकेक सूर टेकवू लागली.

तो आधी गोंधळला. मग ऐकत राहिला. इस्त्री करताना ती हेच गुणगुणायची आणि इतकी वर्षं त्याला वाटायचं, बायको चाल चुकते.

"ही तू होतीस?" त्याने हळूच विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. मध्येच खोकला आला, रुमाल ओला झाला, खरखर साऱ्या चर्चभर ऐकू गेली. एरवी ती उठून गेली असती. तिने रुमाल बदलला आणि पुन्हा बोट टेकवलं. चेहऱ्यावर हसू होतं, आठ महिन्यांत त्याने न पाहिलेलं. त्याने तळवा तसाच उघडा धरला.

लोक गेल्यावर तो कोट घेऊन उठला, तेव्हा तिने लिहिलं, 'थोडं बसू.' दिवे मालवेपर्यंत दोघं बसून राहिली.

तपासणीचा निकाल वाईटच आला. त्यानंतर ती चार रविवार चर्चला गेली, गाणाऱ्यांमध्ये ओठ मिटून, आपला सूर कुठून जातोय ते मनात ऐकत उभी राहिली. पाचव्या रविवारी तिला जिना उतरवेना.