चक्कर मारून पाहणाऱ्यांनो

मी एक जुनी बॅटरीवाली स्कूटर आहे. बडनेऱ्याला पुंजारामच्या अंगणात भिंतीला टेकून उभी असते. मित्रांनो, माझं ऐकून तुम्हाला राग आला तर येऊ द्या. गोड बोलायचं माझं वय गेलं.

मला घेतलं सीमानं. ही पुंजारामची थोरली सून. अमरावतीच्या एका दवाखान्यात ती रक्त तपासायचं काम करते. सकाळी लवकर पोचावं लागतं, अन् बडनेऱ्याची रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. शिवाय सुनेनं परक्या माणसांत खेटून बसावं, हे सासऱ्याला खपत नव्हतं. म्हणून मी आले. पहिल्याच दिवशी पुंजारामनं माझ्या चाकाला लाथ मारून पाहिली अन् बजावलं, "हिच्यावर जाशीन त जाय. पण गाडी बंद पडली, का दवाखाना बंद."

सीमा म्हणजे माझं माणूस. लोडशेडिंग संपून लाइट आली की हातातलं काम टाकून ती मला चार्जरला लावायची. जोरात पळणं मला कधी जमलं नाही, पण मी तिला रोज वेळेवर नेलं अन् आणलं.

मग सुरू झाली माझी पारख. अंगणात येईल तो म्हणणार, "पाहू बरं, एक चक्कर मारून पाह्यतो." पाहुणा आला, चक्कर. शेजारी आला, चक्कर. त्यात सीमाचा दीर देवीदास तर माझा सात जन्मांचा वैरी. मागे दोघं बसवून मला उड्डाणपुलावर चढवायचा अन् खाली येऊन म्हणायचा, "पिकअप नाही राजेहो हिच्यात." अरे रेड्या, एवढी माणसं लादल्यावर बैल तरी पळतो का?

दिवाळीच्या तोंडावर अचलपूरचे पाहुणे आले. दिवसभर माझ्या चकराच चकरा. संध्याकाळी सीमानं मला चार्जरला लावलं. तिची पाठ वळताच देवीदासनं माझी पिन काढून स्वतःचा मोबाइल लावला. सकाळी पिन निघालेली पाहून सीमाला वाटलं, गाडी भरली म्हणूनच कोणी काढली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यापर्यंत मी कशीबशी गेले. परतताना अर्ध्या वाटेत माझा जीव गेला. भर उन्हात तिनं मला ढकलत घरी आणलं.

पुंजाराम अंगणातच बसला होता. "संपलं," तो म्हणाला. "उद्यापासून दवाखाना बंद."

देवीदास खाटेवरूनच बोलला, "म्या त पयलेच सांगतलं होतं, दम नाही हिच्यात."

मला असा संताप आला की काय सांगू. पण मला बोलायला फक्त हॉर्न, अन् तोही बॅटरीवर चालतो.

सीमानं मला स्टँडवर लावलं. किल्ली देवीदासच्या हातात दिली. "घ्या भाऊजी, आता मन भरेस्तोर फिरवा." मग ती सासऱ्याकडे वळली. "मामाजी, गाडी बंद पडली. मी नाही पडली. उद्या रिक्षानं जाईन."

"लोक काय म्हणतीन?"

"त्यायले म्हणा, या, गाडीवर एक चक्कर मारून पाहा."

दुसऱ्या सकाळी ती गेली. अजूनही जाते, भरल्या रिक्षात खेटून. मला आता कोणी चार्जरला लावत नाही. माझ्या सीटवर कोंबड्या बसतात, अन् पुंजाराम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की बॅटरीची गाडी काही कामाची नाही. सांगू द्या. मित्रांनो, नवी गाडी दिसली की तुमचेही हात शिवशिवतात, ठाऊक आहे मला. बसण्याआधी एवढं विचारा की उद्या तिच्यावर कोणाला कुठं जायचं आहे. अन् विचारायची लाज वाटत असेल, तर उतरा खाली.