सात विरुद्ध एक

पिस्कॅटवेतल्या ईश्वरच्या अपार्टमेंटमध्ये दर रविवारी बुद्धवंदना झाली की बेसबॉलवर सभा भरायची, आणि सभा म्हटली की अध्यक्ष, ठराव, इतिवृत्त सगळं रीतसर. १९८८च्या त्या उन्हाळ्यात त्यांची लाडकी टीम लागोपाठ नऊ मॅच हरली होती. अध्यक्षांच्या खुर्चीत रत्नाबाई होत्या, बाकीचे सातजण सतरंजीवर.

ईश्वरने ठराव मांडला, "म्हाताऱ्या पिचरला दुसऱ्या टीमला ट्रेड करून त्यांचा तरुण बॅटर आणा, असं टीमच्या ऑफिसला पत्र पाठवू."

सातही हात वर गेले. रत्नाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊच्या नऊ मॅच त्यांनी टीव्हीसमोर बसून वहीत उतरवल्या होत्या.

"अरे, तो चेंडू चांगलाच टाकतोय! झेल सोडतात दुसरे आणि खापर त्याच्या डोक्यावर?"

"मावशी, मतं समसमान पडल्याशिवाय अध्यक्षांना मत नाही," ईश्वर हसून म्हणाला.

नियम खरा होता. तो रत्नाबाईंनीच घालून दिला होता. त्या उठल्या, खुर्ची भिंतीशी सरकवली आणि दुखरे गुडघे दुमडून सतरंजीवर बसल्या.

"ईश्वर, इतिवृत्तात माझा राजीनामा लिही. आता मत लिही. विरोधात एक."

"तरी ठराव पासच होतो, मावशी."

"होऊ दे. पुढच्या रविवारी मी तो परत मांडायला लावणार. आठवड्याचे दिवस सात, आणि तुम्हीही सातच." रत्नाबाईंनी पिशवीतून वही काढली. "आजचा दिवस तुझा, ईश्वर. बस इथे."