लाल-हिरवा बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे आणि माझ्यावर कोणी हवे तसे बसलेले मला चालत नाही. बसायचे ते लाल बाजूकडे तोंड करून. मग बूट काढायचे, दोन्ही पाय उचलायचे, गर्रकन वळायचे आणि उठायचे ते हिरव्या बाजूला. नव्या माणसाची पहिल्या आठवड्यात यात चांगलीच फजिती होई, आणि मला ती बघायला आवडे.

सुताराच्या हातून मी घडलो तेव्हा असा दुरंगी नव्हतो. पहिली काही वर्षे एका दवाखान्याबाहेर पडून होतो. लोक माझ्यावर बसून खोकत आणि एकमेकांच्या आजारांची चौकशी करत. अगदी कंटाळलो होतो. पुढे गावाबाहेरच्या बंद पडलेल्या बॅटरीच्या कारखान्याची जमीन साफ करायचे ठरले आणि माझे नशीब उघडले.

त्या मातीत शिसे मुरले होते. शिशाची धूळ डोळ्यांना कळत नाही, पण तोंडावाटे पोटात गेली की रक्तात मुक्काम ठोकते. मोठ्यांना त्रास होतो आणि लहान मुलांचे तर फारच नुकसान होते. म्हणून पत्र्याच्या खोलीत मला आडवे ठेवून अर्धे लाल, अर्धे हिरवे रंगवले. लाल बाजूला माती, बूट, धुळीचे कपडे. हिरव्या बाजूला नळ, साबण, जेवणाचे डबे आणि घरची वाट. मधली हद्द म्हणजे मी. आता सांगा, एखाद्या बाकाला याहून मोठा मान कुठे मिळणार?

माझी देखभाल सफाईच्या मावशींकडे होती. त्या मला रोज ओल्या फडक्याने पुसत. कोरडा झाडू कोणी हातात घेतला की त्यांचा पारा चढे, कारण झाडूने धूळ उडते.

आणि होते मुकादम. शिस्तीचे एवढे पक्के की कोणाची टाच हिरव्या रंगाला लागली तरी त्याला पुन्हा मागे पाठवत. स्वतः तीनदा हात धूत. आणि तरीही कामगारांच्या दर महिन्याच्या रक्ततपासणीत त्यांच्याच रक्तात शिसे वाढलेले निघाले. पुढच्या महिन्यात आणखी वाढले. आता पुन्हा वाढले तर मातीत उतरायचे नाही, असे तपासणीला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावले. बाकी सगळ्यांचे रक्त ठीक होते. मुकादमांना काही सुधरेना. ते चौथ्यांदा हात धुऊ लागले.

मला कारण माहीत होते, मित्रांनो. पण मला तोंड कुठे आहे?

त्यांच्या गळ्यात एक पितळी शिट्टी असे. मातीत काम करताना ती अंगरख्यावर लोंबत राही. कपडे उतरवताना ते ती माझ्या हिरव्या कडेवर ठेवत, विसरू नये म्हणून. मग हात, तोंड, मान घासून धूत, शिट्टी पुन्हा गळ्यात घालत आणि जेवणाची सुट्टी झाली म्हणून जोरात फुंकत. ती जिथे ठेवत तिथे माझ्या हिरव्या रंगावर रोज एक करडा डाग उमटे.

एका दुपारी मावशींचे फडके त्या डागावर थांबले. त्यांनी डागाकडे पाहिले, मग मुकादमांच्या गळ्याकडे. एवढ्या कडक माणसाला चूक दाखवायची म्हणजे सोपे नव्हते. पण त्या बोलल्या.

"मुकादम, तुम्ही रोज घासून अंघोळ करता. या शिट्टीला कधी घातलीत का?"

आजूबाजूचे लोक हसले. मुकादमही हसायला गेले आणि मध्येच त्यांनी शिट्टी गळ्यातून काढली. ती मुठीत धरून ते माझ्यावर बसले.

"घरी गेलो की ती माझी लेक वाजवते," ते म्हणाले. "रोज. चार वर्षांची आहे ती."

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी मुलीचे रक्त तपासायला घेतले. निकाल येईपर्यंतचे तीन दिवस मुकादम कोणावर ओरडले नाहीत, आणि त्यांचे हे न ओरडणेच मला सोसवत नव्हते. निकाल आला. शिसे होते, पण थोडे. वेळीच थांबले, आता हळूहळू उतरेल, असे बाईंनी सांगितले. मुकादमांनी तो कागद माझ्यावर बसूनच मावशींना दोनदा वाचून दाखवला आणि डोळे पुसले. मलाही फार बरे वाटले. त्यानंतर शिट्टी लाल बाजूच्या खिळ्यावरच राहिली आणि जेवणाला बोलवायला हिरव्या बाजूला घंटा आली. दोन तपासण्यांनंतर बापलेक दोघांचेही रक्त ठीक निघाले.

आता काम संपले आहे. त्या जागेवर मुलांसाठी मैदान होणार आहे. मला तिथे झाडाखाली ठेवावे असे मुकादमांच्या मनात होते. पण मावशींनी माझ्या लाल बाजूच्या भेगांकडे बोट दाखवले. लाकूड पाणी पिते तशी धूळही पिते, ती कितीही पुसली तरी निघत नाही. बाकाला वेगळा नियम नाही, असे त्या म्हणाल्या, आणि मला त्यांचा अभिमान वाटला.

उद्या शिशाची माती दूर नेणाऱ्या शेवटच्या बंद गाडीतून मी जाईन. मुकादमांनी शिट्टी माझ्या पायाला बांधली आहे. मला वाईट वाटत नाही. माझी एक विनंती मात्र ऐका. घरचे माणूस कामावरून आले की गळ्यात पडायची घाई करू नका. त्याला आधी हातपाय धुऊ द्या, आणि त्याच्या गळ्यात, खिशात काय आहे तेही विचारा.

मुकादमांची लेक त्या मैदानावर धावेल तेव्हा मी तिथे नसेन. मी नसेन, म्हणूनच तिला तिथे अनवाणी धावता येईल.