त्रैक्य शब्दावरची लाल रेघ

लग्नपत्रिकेचं प्रूफ हातात पडलं आणि विजयमालाच्या डोक्यात तिडीक गेली. 'त्रैक्य देवाच्या कृपेने' या पहिल्याच ओळीतल्या पहिल्याच शब्दावर लाल पेनानं रेघ मारलेली होती. प्रेसवाला बिचारा विचारत होता, "मॅडम, मुलाकडच्यांनी दिलेला मजकूर सरांनी खोडलाय. काय छापू?"

सर म्हणजे तिचा नवरा सयाजी. चिंचोळी एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होता. नाताळात निवृत्त झाला आणि दुसऱ्या दिवसापासून बायबल उघडून बसला. आधी तिला बरंच वाटलं, कारण प्रवचन सुरू झालं की डुलक्या काढणारा हा माणूस. पण दोन महिन्यांत त्यानं शोध लावला, की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, असं सांगणारा त्रैक्य हा शब्द अख्ख्या बायबलात कुठंच नाही. त्यानंतर गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्यालाही त्यानं सोडलं नव्हतं.

"अहो, लेकीची पत्रिका आहे ती," घरी येऊन तिनं प्रूफ त्याच्यापुढं आपटलं. "व्याही काय म्हणतील?"

"लिवलंय कुटं ते दाखवू दे की व्याह्यांनी. येशू सोता म्हणतोय, बाप माझ्यापेक्षा मोठा हाय. शेवटचा दिवस कवा येणार, त्ये पोरालाबी ठावं न्हाय, निस्तं बापालाच. मग दोगं सारखे कसे गं?"

"पप्पा, माझं लग्न आहे," आतून संस्कृती ओरडली. "परीक्षा नाही!"

विजयमाला बावीस वर्षं चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत मुलांना धर्मशिक्षण देत होती. एक वचन काढून याच्या तोंडावर मारायचं आणि विषय संपवायचा, असं ठरवून ती तीन दुपारी पुस्तक घेऊन बसली. तिसऱ्या दुपारी तिच्या वडलांच्या जुन्या इंग्रजी बायबलात, योहानाच्या पत्रात ते सापडलं. स्वर्गात साक्ष देणारे तिघे, आणि ते तिघे एक. ती जवळजवळ पळतच बाहेरच्या खोलीत गेली.

सयाजीनं शांतपणे मराठी बायबलात तेच पान काढलं. तिथं ते वाक्यच नव्हतं.

तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नव्हतं. मग तिनं चिडून चर्चच्या पाळकांना फोन लावला.

पाळक शरणप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. शिऱ्याची बशी संपवून त्यांनी सुरुवात केली, "हे बघा, पाणी, बर्फ, वाफ. वस्तू एकच, रूपं तीन."

"एका टायमाला एकच रूप असतंय की," सयाजी म्हणाला. "मग त्याला धरला त्या राती बागेत येशू प्रार्थना करत हुता, ती कुणापाशी? सोतापाशीच?"

पाळकांनी उगाचच रिकामी बशी सरकवली. विजयमालानं दोन्ही बायबलं त्यांच्यापुढं उघडून ठेवली. त्यांनी दोन्ही पानं ताडून पाहिली. "बाई, खरं सांगायचं तर हे वाक्य सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाही. नंतर शिरलेलं आहे."

"म्हणजे यांचं बरोबर?"

"त्या एका वाक्यापुरतं. त्रैक्य हा शब्दही मंडळीनं, म्हणजे चर्चनं, नंतर दिलाय. पण गोष्ट शास्त्रातलीच आहे. मेलेल्यांतून उठलेल्या येशूला त्याचा शिष्य थोमा 'माझा देव' म्हणाला, तेव्हा येशूनं त्याला अडवलं नाही."

सयाजीनं ते पान काढून त्यावर बोट ठेवलं. तिला वाटलं, सुटलो एकदाचे. तेवढ्यात तो म्हणाला, "व्हय, पन त्याच्या अदुगरच त्यो मरियेला म्हनला हुता, की मी माझ्या देवाकडं चाललोय..."

"बास!" ती इतक्या जोरात ओरडली की संस्कृती हातातलं मेंदीचं पुस्तक टाकून बाहेर आली. "तीन दिवस डोळे फोडलेत मी. आता माझं ऐका." तिनं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचं शेवटचं वचन काढलं. येशूची कृपा, देवाची प्रीती, पवित्र आत्म्याची सोबत. "हे लिहिलेलं आहे का नाही?"

"हाय," सयाजी म्हणाला.

"पाळकसाहेब, तिघं आहेत का यात?"

"आहेत की. उपासनेच्या शेवटी हाच आशीर्वाद देतो मी."

"मग हेच छापायचं. एक अक्षर इकडंतिकडं नाही."

व्याह्यांनी फोनवर दोनदा वाचून घेतलं आणि उलट छान आहे म्हणाले. पत्रिका छापून आल्या. सयाजीनं एक हातात धरून वाचली, मान डोलावली आणि म्हणाला, "झ्याक झालंय. पन तिगं एकच हायत, असं ह्यातबी लिवलेलं न्हाय बरं का."

ती आत गेली. व्याही खूश, पोरगी खूश, पण वर्षानुवर्षं शब्बाथ शाळेत आपण न अडखळता म्हणत आलेल्या उत्तरांवर या माणसानं आपल्याला अडखळायला लावलं, याचाच तिला खरा राग होता. खाटेवर बसून तिनं डोळे मिटले आणि नवऱ्याची तक्रार करायला तोंड उघडलं. पण कुणाकडं करतोय, बापाकडं, पोराकडं की आत्म्याकडं, हा विचार मध्येच आला आणि प्रार्थना तिथंच अडली.

"मेल्या सयाजी!" ती भिंतीकडं बघून म्हणाली, आणि पाकिटांवर नावं घालायला उठली.